जुन्या जावाची पाठचिकित्सा

वाङ्मयीन समीक्षेसाठी राखलेल्या या पानांवर मोटारसायकलीसारखा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. परंतु समीक्षा म्हणजे अखेर काय? एखादी कृती कशी घडली, तिच्यातले मूळचे किती आणि मागाहून आलेले किती, जे मागाहून आले ते कोणत्या गरजेपोटी आले, आणि आज आपण तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, या प्रश्नांचा शोध म्हणजे समीक्षा. वर्षानुवर्षे अडगळीत पडलेली गाडी पुन्हा चालती करू पाहणाऱ्या माणसापुढे नेमके हेच प्रश्न उभे असतात. तो ते शब्दांत मांडत नाही, पान्याने आणि पेचकसाने सोडवतो, इतकाच काय तो फरक. त्याची उत्तरे चूक की बरोबर हे तपासण्याचा अधिकार मात्र साहित्याच्या वाचकालाही आहे.

आपल्या भाषेत या कामाला एकच एक शब्द नाही, हे बरेच झाले म्हणायचे. ‘दुरुस्ती’ म्हणजे बिघडलेले चालू करणे. ‘डागडुजी’त निभावून नेण्याचा भाव आहे, पावसाळ्यापूर्वी कौले चाळतात, ती डागडुजी. ‘जीर्णोद्धार’ हा देवळांचा शब्द. त्यात जुने पाडून नवे उभारण्याचीही मुभा असते. अहिल्याबाईंनी काशीस उभारलेले विश्वनाथाचे देऊळ हा त्याचा आपल्याला सर्वांत जवळचा दाखला. आणि अलीकडे मोटारींच्या शौकिनांत रूढ झालेला ‘रिस्टोरेशन’ हा इंग्रजी शब्द. वस्तू कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी पुन्हा करणे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. या चार शब्दांत चार वेगवेगळ्या निष्ठा दडलेल्या आहेत. कोणी कोणता शब्द उचलला यावरून तो काय जपणार आणि काय फेकून देणार, ते कळते.

चर्चेसाठी एक गाडी समोर ठेवू. देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, होळकरी अमलातला जुना परगणा. शेजारी बनेडियाचा तलाव आणि जैनांचे तीर्थ; पलीकडे मल्हाररावांच्या गौतमाबाईंच्या नावाचे गौतमपुरा, जिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट पेटवून एकमेकांवर फेकतात. या टापूत होळकरांच्या चाकरीनिमित्त आलेली मराठी घरे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांतल्या एका घराच्या ढेलजेत, गव्हाच्या कोठ्यांमागे, पोत्यांखाली एक जावा मोटारसायकल तीसहून अधिक वर्षे उभी होती. घराण्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुले पुण्यास आणि परदेशी. वाडा विकायचा ठरला, सामान हलवले जाऊ लागले, आणि गाडी उजेडात आली. मग तिचे काय करावे यावर घरात दोन तट पडले. ते तट मला वाङ्मयीन वादांसारखे वाटले, म्हणून हा लेख.

आधी गाडीविषयी थोडे. ‘जावा’ हे नाव यानेचेक आणि वाण्डरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून 1929 साली चेकोस्लोव्हाकियात तयार झाले. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख या इराण्यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ कंपनी काढली आणि 1961 पासून तिथे ही गाडी तयार होऊ लागली. इराणी म्हटले की आपल्याला मस्का-पाव आणि पाणीकम चहाच आठवतो. पण म्हैसूरची ही करामतही इराण्यांचीच. 1973 मध्ये जावा हे नाव जाऊन गाडीवर ‘येझदी’ हे नाव आले. ते इराणातल्या याझ्द या गावावरून घेतलेले, म्हणजे पूर्वजांच्या गावाची आठवण गाडीच्या टाकीवर. कारखाना 1996 मध्ये बंद पडला. आपल्या पिढीने जिला जावा म्हटले ती अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची, पण दोन सायलेन्सरांची दोन-स्ट्रोक गाडी. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत ओतायचे. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, तो आत दाबून वर फिरवला की किक होई. साखळी पूर्ण झाकलेली, त्यामुळे धोतर किंवा पायजमा अडकण्याचे भय नाही. तिचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वर्णनाची गरज नाही आणि ज्याने ऐकला नाही त्याला वर्णनाचा उपयोग नाही.

तालुक्याच्या गावी जावा ही थोडी मिजाशीची वस्तू होती. ग्रामसेवक, पशुवैद्य, दूधवाले यांची गाडी राजदूत. पोलीस आणि फौजेची बुलेट. आणि ज्याच्याकडे शेती बरी आणि हौस अधिक, त्याची जावा. शासकीय सेवेत असताना दौऱ्यावर पुढून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून माणसाचा हुद्दा ओळखता येई, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

आता देपालपूरच्या गाडीचे वाचन करू. ‘वाचन’ हा शब्द मी जाणून वापरतो. गाडी उजेडात आणली तेव्हा तिच्यावर निदान तीन हात फिरलेले स्पष्ट दिसत होते. पहिला हात म्हैसूरच्या कारखान्याचा: टाकीच्या बाजूंचा क्रोम, मूळचा लालसर रंग, त्यावरच्या सोनेरी रेघांचे अवशेष. दुसरा हात घरमालकाचा: टाकीच्या वरच्या बाजूस गावच्या रंगाऱ्याकडून पिवळ्या अक्षरांत काढून घेतलेले ‘श्री मार्तंड प्रसन्न’. अक्षर सुरेख नाही; ‘र्त’ची रफार भलत्याच जागी गेली आहे. तिसरा हात त्यानंतरचा. मालकाचे वय झाल्यावर गाडी शेती बटाईने करणाऱ्याकडे होती. त्याने मागे दुधाच्या बरण्या अडकवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांचे कॅरियर झाळून घेतले, डावा सायलेन्सर सडला तेव्हा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बसवला. मग तीही गरज संपली आणि गाडी कोठारात गेली.

पुण्याच्या मुलाचे म्हणणे असे की गाडी पुन्हा ‘ओरिजिनल’ करावी. कॅरियर कापून काढावे, टाकी खरवडून क्रोम करून घ्यावी, अक्षरे अर्थातच जातील, जोडीचे सायलेन्सर मिळवावेत. घरी राहिलेल्या धाकट्या भावाचे म्हणणे, ती चालती करावी आणि बाकी हात लावू नये. दोघेही वडिलांच्या आठवणीचीच भाषा बोलत होते. वाद त्यामुळेच अवघड झाला.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 साली ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले त्यांनी दूर केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. त्यांच्या मनात एक मूळ ग्रंथ होता आणि त्यावर साचलेला मळ होता; मळ काढला की मूळ उरते, ही श्रद्धा. पुण्याचा मुलगा या अर्थाने नाथपंथी आहे. पुढे 1909 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला मिळालेल्या पोथीच्या आधारे, नाथांच्या पाठापेक्षा जुना म्हणून, ज्ञानेश्वरीचा निराळा पाठ प्रसिद्ध केला. म्हणजे ज्यांनी मूळ शोधले त्यांच्याही मागे जाऊन आणखी मूळ शोधणारा निघाला. या वाटेला शेवटचा मुक्काम नाही. जावाच्या बाबतीतही शौकिनांत अमुक वर्षीच्या स्क्रूचे डोके कसे होते, तमुक वर्षी टाकीवरचा बिल्ला पितळी की पत्र्याचा, यावर तंटे होतात ते याच जातीचे. त्यांतून पुष्कळ माहिती निघते, हे मान्य केले पाहिजे. पण बिल्ल्याच्या तंट्यात गाडीवर बसणारा माणूस गळून पडतो.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (1919 मध्ये आरंभ, 1966 मध्ये पूर्ण) या प्रश्नाला जे उत्तर दिले ते मला अधिक मोलाचे वाटते. डॉ. सुखठणकर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रक्षिप्त भाग संहितेतून काढला, पण फेकून दिला नाही. जे वगळले ते पानाच्या तळाशी, जे फार लांब ते परिशिष्टात. वाचकाला मूळ संहिताही मिळते आणि शतकानुशतके लोकांनी तिच्यात काय घातले, तेही मिळते. संपादकाला चुकण्याची शक्यता मान्य आहे, म्हणून त्याने परतीची वाट मोकळी ठेवली आहे. मोटारसायकल नव्याने उभी करणारे बहुतेक कारागीर आणि शौकीन ही तळटीप ठेवत नाहीत. कापलेले कॅरियर भंगारात जाते. खरवडलेल्या टाकीवर काय लिहिले होते, हे दोन वर्षांनी घरच्यांनाही नक्की सांगता येत नाही.

‘श्री मार्तंड प्रसन्न’ हा प्रक्षेप आहे काय? कारखान्याच्या दृष्टीने होय. पण होळकरांचे कुलदैवत जे मल्हारी मार्तंड, त्याचे नाव माळव्यातल्या एका मराठी माणसाने चेक बनावटीच्या, इराण्यांनी म्हैसुरात घडवलेल्या यंत्रावर घातले, तेही भोवती सगळे हिंदी बोलणाऱ्या गावात, तेथल्याच रंगाऱ्याकडून. त्याला मराठीची सवय नसावी. चुकलेली रफार बहुधा तेच सांगते. मला विचाराल तर या गाडीवरचे एकमेव वाचनीय वाक्य तेच आहे. म्हैसूरने तशा हजारो टाक्या काढल्या. ही ओळ असलेली टाकी एकच.

या विषयावर ज्या पुस्तकाचे नाव टाळता येत नाही ते रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. ते 1974 मध्ये निघाले. त्याआधी 121 प्रकाशकांनी ते परत केले होते, हे आपल्याकडच्या लेखकांना दिलासा देणारे आहे. 1968 च्या उन्हाळ्यात लेखक आपल्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत गेला, त्या प्रवासाचे हे वृत्त. आणि त्याच्या आड, मानसिक आजारात हरवलेल्या आपल्याच पूर्वीच्या स्वत्वाचा शोध. पिर्सिग काही काळ काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञान शिकत होता. जग माया असेल तर हिरोशिमाही माया काय, या प्रश्नावर तो तिथला वर्ग सोडून उठला, असा प्रसंग पुस्तकात आहे. पुस्तकाला आपली आठवण आहे, तेव्हा आपणही त्याची थोडी कसून तपासणी करायला हरकत नसावी.

पिर्सिगचे मोठेपण एका स्क्रूत आहे, असे मी म्हणेन. बाजूचे झाकण काढताना एक स्क्रू अडकतो, त्याचे डोके फाटते, आणि सगळी गाडी त्या एका कवडीमोल स्क्रूपाशी थांबते. त्या क्षणी त्या स्क्रूची किंमत गाडीइतकी असते, हे तो दाखवतो. शिकलेली रीत संपते, पुस्तक मदतीला येत नाही, आणि माणसाला त्या वस्तूकडे प्रथमच नीट पाहावे लागते. हा अडकण्याचा क्षण त्याला अपयश वाटत नाही, समजेची सुरुवात वाटते. देपालपूरच्या जावाचे काम चालले असताना मी अनेकदा तिथे जाऊन बसलो, आणि हे पान शब्दशः खरे असल्याचे पाहिले.

ते काम कसे असते, हे थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण आपल्या साहित्यात त्याचे वर्णन जवळजवळ नाही. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला किक मारायची नसते, ही पहिली गोष्ट. पिस्टन अल्युमिनियमचा, भोवतीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. दमट हवेने ब्लॉकला गंज चढतो आणि पिस्टनवरच्या रिंगा त्याला चिकटून बसतात. जोर केला तर रिंग तुटते आणि ब्लॉकवर ओरखडा उमटतो. म्हणून प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सोडायचे आणि वाट पाहायची. इथे नऊ दिवस वाट पाहिली गेली. रोज सकाळी मिस्त्री मागचे चाक गिअरमध्ये टाकून तळहाताने किंचित पुढेमागे हलवून बघे, आणि मान हलवून दुसऱ्या कामाला लागे. दहाव्या दिवशी चाक सुपारीएवढे सरकले. दरम्यान टाकीतून गंजाचा चिखल निघाला. कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल उडून जाऊन मागे लाखेसारखा थर राहिला होता; जेटचे भोक केसाएवढे, तेच बुजलेले. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या.

परंतु खरी मेख वेगळीच असते आणि ती बाहेरून दिसत नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात खालची क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-ऑइलचे मिश्रण आधी तिथेच ओढले जाते आणि मग वर ढकलले जाते. दोन्ही बाजूंची रबरी सील वर्षानुवर्षांत कडक होऊन चिरतात. अशी गाडी सुरू होते, चांगली वाजते, सगळे टाळ्या पिटतात. पण फटीतून जादा हवा आत शिरत राहते, मिश्रण पातळ पडते, पिस्टन तापतो आणि थोड्याच अंतरावर जाम होतो. वरून चकचकीत केलेल्या कित्येक गाड्यांचे असे होते. मिस्त्रीने इंजिन पूर्ण खोलून सील बदलण्याचा आग्रह धरला तेव्हा मोठ्या भावाला तो खर्च अनाठायी वाटला. क्रोमचा खर्च मात्र वाटला नाही. भाषांतरांत आणि संपादनांत आपण हेच पाहतो: मुखपृष्ठ देखणे, आणि आतल्या संहितेत हवा शिरते आहे.

पिर्सिगकडे परत येतो. त्याच्या पुस्तकाची मर्यादा याच मिस्त्रीपाशी उघडी पडते. पुस्तकातले मेकॅनिक हे बेफिकीर तरुण आहेत. रेडिओ चालू, हातात हातोडी, काम वरवरचे. त्यांनी नासलेल्या इंजिनाचा दोष अखेर एका क्षुल्लक तुटक्या पिनेत होता, हे मालकालाच शोधावे लागते. म्हणून पिर्सिगचा आदर्श पुरुष आहे तो स्वतःची गाडी स्वतः राखणारा मालक. त्याचा मित्र बीएमडब्ल्यूवाला जॉन यंत्रापासून दूर पळतो. हँडल ढिले झाले तर त्यात बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालावी, ही साधी युक्ती त्याला अपमानास्पद वाटते. पिर्सिग याला दोन दृष्टींचा झगडा म्हणतो: एक वस्तूचे बाह्य रूप पाहणारी, दुसरी तिची आतली रचना पाहणारी. निरीक्षण मार्मिक आहे. पण मालक आणि कारागीर एकच असू शकतो, हे गृहीतक त्याच्या देशाचे आहे. गाड्यांच्या दुरुस्तीचे दुकान चालवणारे तत्त्वज्ञानाचे पंडित मॅथ्यू क्रॉफर्ड यांनी 2009 मध्ये ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ लिहून हाताच्या कामातल्या बुद्धीची बाजू मांडली. तिथेही बोलणारा माणूस विद्यापीठातून आलेलाच आहे.

आपली गोष्ट निराळी आहे. इथे पाहणाऱ्या दोन दृष्टी एकाच समाजाच्या दोन वर्गांत वाटल्या गेल्या. बाह्य रूप पाहणारे आम्ही, म्हणजे लेखणीवाले, कारकून, अधिकारी, वाड्यांचे मालक. आतली रचना पाहणारा मिस्त्री. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या ‘गाव-गाडा’त बलुतेदारांची जी मांडणी केली, तिच्यात आज भर घालायची तर मोटार मिस्त्री हा तेरावा बलुतेदार ठरेल. फरक एवढाच की त्याला सुगीत पेंढी मिळत नाही आणि त्याच्या विद्येची नोंद कोणी केली नाही. माळव्यातला मिस्त्री इंजिन ‘दुरुस्त करतो’ असे म्हणत नाही; तो इंजिन ‘बांधतो’. घर बांधावे तसे. या एका क्रियापदात जी समज आहे ती आमच्या यंत्रविषयक मराठी लेखनात मला आढळली नाही. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्र आले ते माणुसकी भरडणारी शक्ती म्हणून आले, आणि त्या काळाचे ते सच्चे भान होते. पुढच्यांनी त्याचे ठोकळे करून ठेवले. यंत्र म्हटले की निष्प्राण, यंत्रवत म्हटले की निर्बुद्ध. दहा दिवस तळहाताने चाक चाचपणारा माणूस या भाषेत बसतच नाही.

देपालपूरच्या मिस्त्रीचे शिक्षण आठवीपर्यंतचे. जावाचे सुटे भाग नव्याने तयार होऊन मिळतात, हे त्याला ठाऊक आहे. पण बनावट किती आणि माप किती चुकते, हेही तो बोट फिरवून सांगतो. त्याने लिहून ठेवलेले काही नाही. त्याचा मुलगा पिथमपूरच्या कारखान्यात रोजंदारीवर जातो आणि दोन-स्ट्रोक इंजिन त्याने आतून पाहिलेले नाही. आपण पोथ्या जळाल्याचे दुःख करतो. ही विद्या एका माणसाबरोबर जाईल आणि कोणत्याही सभेत तिच्यावर ठराव होणार नाही.

पिथमपूरचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. नोव्हेंबर 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, जानेवारी 2022 मध्ये येझदीही आली, आणि या नव्या गाड्यांची निर्मिती झाली ती महिंद्राच्या पिथमपूरच्या कारखान्यात, म्हणजे देपालपूरपासून काही कोसांवर. इंजिन चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. सिलिंडर एकच, तरीही सायलेन्सर दोन ठेवले, कारण जुन्याला दोन होते. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक हा फ्रेंच वास्तुविशारद म्हणे की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेस नेणे की जी कदाचित कधी अस्तित्वातच नव्हती. त्याच काळात रस्किनने 1849 च्या ग्रंथात लिहिले की जीर्णोद्धार हे असत्यच. जुने जपा, ते पडेल तेव्हा पडू द्या. नवी जावा ही पहिल्याची शिष्या आहे, आणि त्यात लबाडी नाही, कारण ती नवी आहे हे ती लपवत नाही. खोटेपणा शिरतो तो जुन्या सांगाड्यावर सगळे नवे चढवून त्याला ‘मूळ’ म्हणण्यात. इंदुरास आपण राजवाड्याच्या बाबतीत हा पेच पाहिला आहे. 1984 च्या आगीत मागचा भाग गेला, तो या शतकात जुन्या धर्तीवर पुन्हा उभारला गेला. नवे नवे म्हणून ओळखू येते तोवर मला त्यात वावगे दिसत नाही. रस्किनचा सल्ला मात्र माळव्याच्या पावसात मानवणारा नाही. पडू द्यायचे म्हटले तर चार वर्षांत उकिरडा होतो.

शासनानेही या वादात अभावितपणे भाग घेतला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास मालिका. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणास पाच हजार. आधी नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक ठेवता येतो. प्रदर्शन, फेरी, देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. सेवेतील वर्षे नियमांच्या सहवासात गेल्याने मला या भाषेचे कौतुक वाटते. पण ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द मसुदा करणाऱ्याने ज्या सहजतेने लिहिले, त्यांवर नाथांपासून राजवाड्यांपर्यंत सगळे अडखळले आहेत. दुधाचे कॅरियर झाळलेली गाडी मूळ स्वरूपात आहे काय? आणि रोज चालवायची नाही अशी अट घातली की गाडीचे रूपांतर मूर्तीत होते. तिची पूजा होईल, प्रवास होणार नाही. पिर्सिगची 1966 ची होंडा आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. जिच्या चालण्यावर ग्रंथ उभा राहिला ती आता काचेच्या पलीकडे उभी राहण्याची वस्तू झाली. तिथे ती सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण जन्मभर राखण्याविषयी लिहिणाऱ्या लेखकाच्या गाडीला आता राखण्याचे काम उरले नाही, फक्त जपण्याचे उरले. या दोहोंत अंतर आहे आणि पुस्तकाच्या चाहत्यांनी ते लक्षात घेतलेले दिसत नाही.

माझे मत विचारले गेले तेव्हा मी सांगितले ते असे. आतले सगळे नवे करा: सील, रिंगा, वायरी, ब्रेक, टायर, तिथे भावनेला जागा नाही, कारण त्यावर बसणाऱ्याचे हातपाय अवलंबून आहेत. सायलेन्सर जोडीचा मिळाला तर बसवा, उपरा काढून ठेवा, भंगारात घालू नका. कॅरियर कापू नका. मापे घेऊन बोल्टवर निघेल असे करा, म्हणजे ज्याला नको त्याला काढता येईल. टाकीवरची अक्षरे आहेत तशी असू द्या. रंगवायचेच ठरले तर आधी पातळ कागद लावून त्यांचा ठसा उतरवून घ्या, चुकलेल्या रफारीसह. ठसा घ्यायचा म्हटल्यावर मोठ्या भावाने विचारले की रफार दुरुस्त करून लिहून घेतली तर काय बिघडेल. त्यावर मिस्त्री हसला. तो हिंदी भाषक; रफारीचा प्रश्न त्याला कळला की नाही कोण जाणे.

एक अडचण कोणाच्याच हातात नाही. 2025 पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. जुन्या रबराला आणि बुचाच्या वॉशरांना ते सोसत नाही; गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळे होऊन पुन्हा गंज धरतो. म्हैसूरच्या अभियंत्यांनी ज्या पेट्रोलासाठी ही गाडी घडवली ते आता मिळत नाही. मिस्त्रीचा उपाय सोपा आहे: गाडी उभी ठेवू नका, आठवड्यातून दोनदा बनेडियापर्यंत जाऊन या, आणि पावसाळ्यात टाकी रिकामी करा.

इंजिन गेल्या पौषात बांधून झाले आणि तिसऱ्या किकेला लागले. सील घट्ट आहेत. वाड्याचा सौदा अजून पुरा झालेला नाही. कागदपत्रांत एका चुलत्याची सही राहिली आहे. टाकी निराळी काढून ओटीवरच्या खुंटीला टांगली आहे, अक्षरे भिंतीकडे करून, ऊन लागू नये म्हणून. तूर्त मिस्त्री गाडी चालवून बघतो ती प्लास्टिकची बाटली उलटी टांगून, तिच्यातून कार्बोरेटरला नळी लावून.